नळाचा संबंध

मे महिन्यातल्या एका दुपारी मार्तंडराव हरकरे सरकारी भाषांतर कचेरीत बसून 'कनेक्शन' या शब्दाकडे बघत होते. बावीस वर्षं ते सरकारचं इंग्रजी मराठीत आणत आले होते, पण त्या दिवशी समोर आलेल्या दीड पानाच्या परिपत्रकात हा एकच शब्द अकरा वेळा आला होता. कुणाही सरकारी नोकराचं चळवळीशी 'कनेक्शन' असू नये. त्या 'कनेक्शन'मध्ये पुढील सूचना पाळाव्यात. दौऱ्यावर असताना गाडीचं 'कनेक्शन' चुकल्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही. मार्तंडरावांनी पहिल्या चार ठिकाणी 'संबंध' लिहिलं. पुढे विचार करायचं त्राण उरलं नाही, तेव्हा उरलेल्या सातही ठिकाणी त्यांनी 'संबंध'च लिहिलं, गाडीचा संबंध चुकल्याचं वाक्य तसंच राहू दिलं आणि कागद पुढे सरकवला. दारंखिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या सकाळपासून कोरड्या होत्या. त्यांच्यावर मारायला पाणी नव्हतं.

पाणी घरीही नव्हतं. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत सरकारी नळ एकच, तोही पार चौकात. त्या नळावर पहाटेपासून बायकांची रांग लागे, आणि त्या रांगेत मार्तंडरावांच्या पत्नी यमुताई दोन बादल्या आणि एक दुखरा गुडघा घेऊन उभ्या राहत. घरात नळ यावा म्हणून मार्तंडरावांनी अर्ज केला त्याला आता दीड वर्ष झालं होतं. सबंध अर्ज त्यांनी निर्दोष इंग्रजीत लिहिला होता. पुढच्या गल्लीतल्या एका हलवायाने तोंडी सांगून महिन्याभरात नळ घेतला, तेव्हा मात्र यमुताईंचा धीर सुटला.

"तुमचं इंग्रजी राहू द्या बाजूले," त्या म्हणाल्या. "माह्या गुडघ्याले मराठीच समजते. उद्या जाऊन त्या कमिटीत विचारा, नळ देता का नाही देत."

मार्तंडराव गेले. म्युनिसिपल कमिटीच्या नळखात्यात नत्थूजी नावाचे वयस्क कारकून होते. त्यांनी ओली सुपारी तोंडात या गालातून त्या गालात नेली आणि मान वर केली.

"नत्थूजी, माझ्या कनेक्शनचं काय झालं?"

"तुमचं कनेक्शन कोणाशी आहे?"

"कोणाशी म्हणजे? नळाशी."

"नळाशी तर साऱ्याच गावाचं राहते, साहेब. वर कोणाशी आहे?"

"वर टाकी आहे," मार्तंडराव म्हणाले.

नत्थूजींना त्यांची मनापासून दया आली. त्यांनी पुढे वाकून आवाज बारीक केला. "हरकरेसाहेब, तुम्ही शिकलेले माणसं, अन् तुम्हालेच समजत नाही काय? कनेक्शन पायजे तर आधी कनेक्शन पायजे. तुमच्या वॉर्डाचे मेंबर कोण? बाबाराव उमाळकर. त्यांची एक चिठ्ठी आणा. मी स्वतः पाइपावर बसून तुमच्या घरी येतो."

मार्तंडराव घरी येऊन खाटेवर आडवे झाले आणि डोळ्यांवर पंचा घेऊन त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. बाबारावांशी त्यांची ओळख नव्हती. पण यमुताईंना नाती शोधायला कागद लागत नसे. पोळ्या लाटता लाटता त्यांनी अर्ध्या तासात पत्ता लावला.

"माही मावसबहीण आहे ना, तिच्या मोठ्या जावेचा सख्खा भाऊ. बाबाराव! आता तो उन्हाळ्याचा रामटेकच्या घरी राहते म्हणते. तुम्ही जा तिथं. नातं सांगा अन् नळ आणा."

"हे नातं झालं?"

"मंग काय झालं? लागते तेव्हा यापेक्षाही लांबचं नातं लागते."

अशा रीतीने शुक्रवारी दोन दिवसांची रजा काढून, कोट घालून आणि छत्री घेऊन मार्तंडराव रामटेकला निघाले. वाटेत गाडी बदलायची होती. पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा पोचली आणि दुसरी त्यांच्यासमोर धूर सोडत निघून गेली. पुढची पाच तासांनी. त्या फलाटावर एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत आधीच एक म्हैस बसलेली होती. मार्तंडरावांनी स्टेशनमास्तरांना विचारलं, की या गाडीने त्या गाडीसाठी थांबायला नको होतं काय?

"थांबते ना," मास्तर म्हणाले. "कनेक्शनच आहे ते. पण कधीकधी लागत नाही."

मार्तंडराव म्हशीपासून चार हात अंतरावर, जिथे सावली संपत होती तिथे, ट्रंकेवर बसून राहिले. त्यांना राग आला नाही. राग यायला अंगात जी ताकद लागते ती मार्चमध्येच संपली होती.

रामटेकला बाबारावांच्या अंगणात ते पोचले तेव्हा त्यांच्या कोटाचा रंग ओळखू येत नव्हता. बाबाराव मोठे दिलदार गृहस्थ निघाले. मावसबहिणीची जाऊ म्हणताच त्यांनी टाळी दिली, वाळ्याचं सरबत पाजलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. जेवताना ते आपलंच दुःख सांगत होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, विश्वनाथने, वकिलीची परीक्षा दिली होती, पण लग्नाचं नाव काढलं की तो उठून जाई. आतापर्यंत सात मुली नाकारल्या होत्या.

"काहून नाही म्हणतं, तेही सांगत नाही," बाबाराव म्हणाले. विश्वनाथ शेजारीच पाटावर खाली मान घालून जेवत होता. "बरं, तुम्हाले लेकरं किती?"

"एकच मुलगी. चारुशीला. मॅट्रिक झाली, आता मुलींच्या शाळेत शिकवते."

विश्वनाथला जोराचा ठसका लागला. मग तो उठला आणि न मागता मार्तंडरावांच्या भातावर तूप वाढू लागला. मार्तंडराव नको नको म्हणत होते तरी वाढतच राहिला. मुलाला वळण चांगलं आहे एवढंच मार्तंडरावांच्या मनात आलं. पुढचा विचार करायला डोळे उघडे राहायला हवे होते.

सकाळी बाबारावांनी शब्द दिला. "नळाचं झालंच समजा. उद्या रविवारी मी स्वतः येतो तुमच्यासोबत. जागा पाहतो, पाइप कुठून घ्यायचा ते सांगतो, अन् वहिनीच्या हातचं जेवून जातो."

मेंबर जेवायला येणार हे घरी आधी कळवायला हवं, नाही तर यमुताई मेंबरासमोरच काही तरी बोलतील, म्हणून मार्तंडराव तारघरात गेले. तार इंग्रजीत करायची, आणि सरकारी भाषांतरकाराने आटोपशीर लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'कनेक्शन सेटल्ड. कमिंग संडे विथ बाबाराव. अरेंज लंच.' तारबाबूने मजकूर वाचून विचारलं, "कायचं कनेक्शन ते नाही लिहायचं?"

"घरी समजते," मार्तंडराव म्हणाले.

रविवारी सकाळी तिघं निघाले. तिसरा विश्वनाथ. त्याचं नागपुरात काहीतरी पुस्तकाचं काम होतं म्हणे. या वेळी गाडी लागली, टांगाही लगेच मिळाला, आणि इतकं सगळं सुरळीत होताना पाहून मार्तंडरावांना खरं तर शंका यायला हवी होती.

दाराशी रांगोळी होती. चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. आतून तळणाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. यमुताईंचे भाऊ गोपाळराव जरीचा रुमाल बांधून पायरीवर हात जोडून उभे होते आणि त्यांच्यामागे शेजारच्या शोभाताई अत्तरदाणी घेऊन.

"या, या! पायधूळ लागली आमच्या घराले!" गोपाळराव म्हणाले.

बाबाराव भारावले. सात वर्षांत त्यांनी पुष्कळ घरांना नळ दिले होते, पण असं स्वागत कुठे झालं नव्हतं. "एवढं काहून केलं गा?" ते म्हणाले. "साधं जोडायचंच तर काम आहे."

"तुमच्यासाठी साधं असंल. आमच्या घरातलं पहिलंच आहे."

"पहिलंच ना? याआधी कुठं जोडलेलं नव्हतं?"

गोपाळरावांचा चेहरा जरा उतरला. "छे छे! भलतंच काय विचारता? कुठंच नाही."

"विचारून घेतलेलं बरं. मागून भानगडी निघतात. उंची किती आहे?" बाबारावांनी ओट्याकडे बघत विचारलं.

"पाच फूट एक इंच."

"मंग चिंता नाही. जोर चांगला राहील. अन् पहिलेच सांगून ठेवतो, सुरुवातीले सकाळी एक तास अन् संध्याकाळी एक तास. त्याच्यावर आशा ठेवू नका."

गोपाळरावांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग ते हळूच म्हणाले, "बाकी वेळ पोरगी कुठं राहीन?"

"कोणती पोरगी?"

मार्तंडराव जोडे काढत होते. एक जोडा हातात घेऊन ते तसेच आत गेले. माजघरात यमुताई नारायणपेठी नेसून, नथ घालून, पुरणपोळीवर तूप सोडत होत्या. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, मी तुम्हाले उगीच बोलत होती," त्या म्हणाल्या. "नळासाठी धाडलं अन् तुम्ही पोरीचा संबंध जुळवून आले! गोपाळदादानं गोत्रबी पाहिलं. जमते. वकील जावई! गुडघा दुखायचाही राहिला मले कालपासून."

"कोणी सांगितलं तुला, संबंध जुळला म्हणून?"

"तुम्हीच तर तार केली!" यमुताईंनी कमरेची तार काढून त्यांच्यापुढे धरली. "चारूनं वाचून दाखवली. 'संबंध ठरला. रविवारी बाबारावांना घेऊन येतो. जेवण करा.' हेच लिहिलं ना?"

मार्तंडरावांनी तार पाहिली. एका हातात जोडा आणि एका हातात तार घेऊन ते उभे राहिले. भाषांतरात चूक काढता येत नव्हती. याच आठवड्यात त्यांनी स्वतः तो शब्द अकरा वेळा तसाच केला होता आणि वर साहेबाने त्यावर सही केली होती.

"अगं, हे नळाचं होतं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

"काय म्हणता?"

"काही नाही. मी बाहेर सांगून येतो."

काय सांगायचं ते ठरवत मार्तंडराव ओसरीवर आले, पण तोवर शोभाताईंनी चारुशीलेला सरबताचं तबक देऊन बाहेर पाठवलं होतं. ती पहिला पेला बाबारावांपुढे धरून उभी होती. बाबाराव पेला घ्यायचं विसरून तिच्या भरजरी पदराकडे, मग तोरणाकडे, मग गोपाळरावांच्या रुमालाकडे पाहत होते. सात वर्षं मेंबर राहिलेल्या माणसाला एवढं पाहिल्यावर समजतं.

"हरकरेसाहेब," ते सावकाश म्हणाले, "हे नळाचं नाही वाटते."

"बाबाराव, माझी चूक झाली. तारेत मी एक शब्द..."

"मला पसंत आहे," विश्वनाथ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो इतका वेळ खांबाला टेकून छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणालास?" बाबाराव म्हणाले.

"मला मुलगी पसंत आहे, बाबा."

बाबारावांनी सरबत एका दमात पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला आणि गोपाळरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा रुमाल डोळ्यांवर आला. "आठवी! आठवीले हाव म्हटलं पोट्ट्यानं! मुलीले विचारा. ती हाव म्हणत असेल तर आत्ता सुपारी फोडतो."

मुलीला विचारलं. तिने खाली बघत मान हलवली. शोभाताईंनी अत्तर लावलं, यमुताईंनी साखर वाटली, गोपाळरावांनी सुपारी फोडली. मार्तंडरावांच्या हातातला जोडा कुणीतरी काढून घेतला आणि तिथे नारळ दिला. पुरणपोळ्या झाल्या, विडे झाले. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली उतरली. सगळ्यांच्या अंगात जेवणाची सुस्ती आली तेव्हा मार्तंडरावांनी धीर केला.

"बाबाराव, ती नळाची जागा तेवढी पाहून घेता काय?"

बाबारावांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं वाईट वाटल्याचं दिसलं. त्यांनी मार्तंडरावांचा हात हातात घेतला. "व्याहीबुवा, सकाळी विचारलं असतं तर हाव म्हटलं असतं. आता कसं जमंल? मी माह्या वॉर्डात माह्याच व्याह्याले नळ देला तर विरोधी पार्टीवाले मले जगू देतील काय? पेपरात छापून आणतील. तुम्ही आता आपले झाले."

"परवा परका होतो तेव्हा..."

"परवा तुम्ही परके होते, म्हणून बिनधास्त देत होतो. आता तीन वर्षं थांबा. पुढच्या निवडणुकीत मी पडलो की आपण दोघं मिळून नव्या मेंबरकडे जाऊ."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मार्तंडरावांना आभार मानावे लागले.

पाहुण्यांचा टांगा गेला. गोपाळराव पंचांग घेऊन घोरू लागले. मार्तंडराव मागच्या अंगणात निंबाखाली जाऊन बसले. चारुशीला तिथे उष्टी भांडी घासत होती, भरजरी साडी बदलून, माठातलं पाणी जपून वापरत.

"चारू, तार तू वाचलीस?"

"हो, बाबा."

"तुला त्या शब्दाचा नळाचा अर्थ लागला नाही?"

"लागला ना. पहिल्यांदा तोच लागला." तिने परात उपडी घातली. "तार बारा वाजता आली. आई देवळात गेली होती. ती एक वाजता आली. तेवढ्या वेळात दुसराही लागला."

मार्तंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. "विश्वनाथ तुझ्या ओळखीचा आहे?"

"वाचनालयात येतात. दोन वर्षांपासून. आम्ही कधी फार बोललो नाही. एकदा एकच पुस्तक दोघांना पाहिजे होतं, तर त्यांनी मला दिलं. मग मी वाचून परत केलं की लगेच ते न्यायचे. मग ते आधी न्यायचे अन् मी नंतर." तिने राखेचा हात कपाळाला लावला आणि तिथे काळं झालं. "त्यांनी सात ठिकाणी नाही म्हटलं, हे मला माहीत होतं. तुम्ही बाबारावांचं नाव लिहिलं होतं तारेत. मी आईला खोटं सांगितलं नाही, बाबा. खोटं निघालं असतं तर माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून सांगणार होते."

मार्तंडरावांना रागवायचं होतं. ते तसे सरळ होऊन बसलेही. पण पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती, कपाळावर काळा डाग घेऊन, की जणू परीक्षेचा निकाल लावणारा माणूस समोर बसला आहे. तिने तो एक तास कसा काढला असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. बावीस वर्षांत कुठल्याही शब्दासाठी ते स्वतः असे तासभर जागे राहिले नव्हते.

"तुझं इंग्रजी कच्चं नाही," ते शेवटी म्हणाले. "आण ती कळशी इकडे. हात धू."

तिने हात धुतले, आणि धुता धुता तिला रडू आलं. मार्तंडराव पाणी घालत राहिले.

सोमवारी पहाटे यमुताईंनी त्यांना हलवून उठवलं. उशाशी दोन बादल्या आणून ठेवल्या होत्या.

"उठा. नळ आला असंल."

"मी?"

"मंग कोण? चारूचं लग्न ठरलं. ठरल्या मुलीनं चौकात उभं राहावं काय?"

"आणि तू?"

"मी?" यमुताईंनी नथ अजून काढली नव्हती. "मेंबराची विहीण आहे मी आता. मेंबराची विहीण त्या लायनीत उभी राहीन? लोकं बाबारावांले काय म्हणतील? तुमचं काय, तुम्हाले कोणी ओळखत नाही."

मार्तंडरावांनी धोतर वर खोचलं आणि बादल्या उचलल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या नळावर जात होते. पंधरा-वीस बायका आधीच उभ्या होत्या. त्यांना पाहून बोलणी थांबली. मग शोभाताई पदर सावरत मोठ्याने म्हणाल्या, "काहून भाऊजी, तुमचं तर मेंबरशी कनेक्शन जुळलं ना!"

"जुळलं ना, वहिनी," मार्तंडराव म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बादल्या रांगेच्या शेवटी ठेवल्या. "म्हणून तर मी आलो."